तीन वर्षांचं खाजण

"पानी आलं की मिटायचं, पानी गेलं की उघडायचं. मधी कुनी कितीबी हाका मारल्या तरी ऐकायचं नाय."

काशिराम सुताराने शेवटची खुंटी ठोकली, माझ्या फळ्यांवरून पालथा हात फिरवला आणि एवढं सांगितलं. तो कदाचित माझ्याशी बोलला नसेल, स्वतःशीच पुटपुटला असेल. पण मी ते माझ्यासाठीच धरलं.

मित्रांनो, मी एक जुनी झडप आहे. मला दार म्हणू नका. दाराला कडी असते, कुलूप असतं. कुणीतरी ते लावतं आणि कुणीतरी काढतं. माझं तसं नव्हतं. पनवेलच्या खाडीला, रोडपालीच्या अलीकडे, एका लहानशा गावाचा मातीचा बांध होता. बांधाच्या आत खाजण, म्हणजे भातशेती आणि तिला लागून पाण्याचा खोल चर; बाहेर खाडी. बांधात एक दगडी मोरी ठेवली होती, तिला उघाडी म्हणत. त्या उघाडीच्या तोंडावर मला वरून टांगलं होतं. भरतीचं पाणी खाडीकडून येई आणि मला दाबून मिटवी, म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नसे. ओहोटी लागली की आतलं पाणी मला हळूच ढकलून बाहेर पडे. रोज दोनदा मिटायचं, दोनदा उघडायचं. कुणी सोमवार धरतं, कुणी चतुर्थी धरतं. माझा हा नेम होता.

माझं लाकूड ऐनाचं, कर्नाळ्याच्या बाजूच्या रानातलं. मी घडले तेव्हा मोठी लढाई चालू होती. लोखंड मिळत नव्हतं, म्हणून काशिरामाने माझी बिजागरीसुद्धा लाकडाचीच केली. त्यामुळे मी कधी करकरले नाही. मी मिटत असे ती देवघरातली समई शांत व्हावी तशी, आवाज न करता.

ते दिवस आठवले की अजूनही पाण्याखाली असल्यासारखं वाटतं. पहाटे खाडीवर धुकं उतरे. बगळे धुक्यात असे उभे राहत की ते पक्षी आहेत की कुणी वाळत टाकलेली पांढरी धोतरं, कळू नये. भरतीच्या वेळी माझ्या पाठीला खाडीचं पाणी टेकलेलं असे आणि पोटाशी शेतातलं गोडं पाणी. दोन्ही पाणी मला ऐकू येई. खाडीचं पाणी लांबलांबच्या गोष्टी सांगे. शेतातलं पाणी नुसतं झोपलेलं असे.

ज्येष्ठातल्या मोठ्या उधाणाला, पेरणीआधी, गावकरी मला दोन दिवस दोरीने थोडी वर बांधून ठेवत. तेवढाच काय तो माझ्या नेमाला सुटीचा काळ. तेव्हा खाडीतून जिताड्याची पिल्लं आत येत. चिंचेच्या पानाएवढी पिल्लं, हजारोंनी. त्यांचे डोळे पाण्यात गुंजांसारखे लाल चमकत. ती माझ्या अंगाला घासून आत जात, तेव्हा मला वाटे, कुणीतरी फुलांच्या पाकळ्या वाहतंय. मग आतल्या चरात ती वाढत. पहिल्या वर्षी वीतभर होत. दुसऱ्या वर्षी हातभर. तिसऱ्या वर्षी एवढी होत की एका माणसाला एकच मासा उचलून न्यावा लागे.

या माशांवर गावाचा बांध उभा होता, असं मी म्हटलं तर तुम्हाला खोटं वाटेल. पण ऐका. दर वर्षी चैत्रात पाडव्याला पंच बांधावर येत. नारळ फोडत, माझ्या कपाळाला हळदकुंकू लावत, आणि मग उघाडीची बोली लागे. ज्याची बोली वर जाई त्याला वर्षभर उघाडीवर जाळं बांधायचा हक्क मिळे. बोलीचा पैसा कुणाच्या घरी जात नसे. पावसाआधी त्यातून बांधाला नवी माती पडे, खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजत. मासा बांध राखी, बांध भात राखी.

दाजी नावाचा एक म्हातारा वर्षानुवर्षं बोली घेई. त्याच्यावर कुणी चढत नसे. उधाणाच्या ओहोटीला तो माझ्यासमोरची, मासे आत अडवणारी बांबूची ताटी काढून जाळं बांधी. त्या जाळ्याची भोकं एवढी की त्याची तीन बोटं जोडून आत जात. लहान मासे सुळकन निघून जात, आणि दाजी म्हणे, "जा र पोरांनो. फुडल्या वर्साला या." ती खरंच येत.

मग दिवस पालटले. पुण्याच्या रस्त्यावर मोटारट्रका वाढल्या. पनवेलचा मुबारकभाई टांग्यातून लाकडाच्या भुशात गुंडाळलेला बर्फ घेऊन बांधावर येऊ लागला. त्याच्या बर्फावर बसून जिताडा मुंबईला जाऊ लागला. भाव चढला, तशी बोली चढली. एका पाडव्याला दयाराम नावाच्या तरण्या गड्याने दाजीच्या वर बोली घातली. पंच खूश झाले. बांधाला जास्त माती पडणार म्हणून मीही खूश झाले. मला तरी कुठे पुढचं दिसत होतं!

दयाराम वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. हे मी मुद्दाम सांगते. तो हसरा होता, कामसू होता. पण त्याने आणलेलं जाळं लुगड्यासारखं बारीक विणलेलं होतं. आणि गावाची एक चूक होती, ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. नवी बोली लागे पाडव्याला, पण जुन्याची मुदत सरे पंधरा दिवसांनी, हनुमान जयंतीला. म्हणजे पौर्णिमेला. म्हणजे मोठ्या उधाणाला! खाजण सोडून जाणाऱ्या माणसाच्या हातात सगळ्यात मोठी ओहोटी येई, आणि ती त्याची शेवटची ओहोटी असे. वर्ष सरताना दयारामने त्या दिवशी आतला सगळा चर खरवडून काढला. बोटाएवढी पिल्लंसुद्धा.

दाजी बांधावर बसला होता. म्हणाला, "दया, ही तर पालन्यातली पोरं हायत र."

"बाबा, मनाबी कलतं," दयाराम म्हणाला. "पन मी सोडलेला मासा उद्या शिवाच्या जाल्यात जानार. बोली त्यानं घेतलीय. मंग मी सोडू कशाला? त्याची आरती ओवालाया?"

पुढच्या वर्षी शिवाने तेच केलं, आणि त्याच्या पुढच्याने तेच. जो तो हिशेबात बरोबर होता, आणि खाजण रिकामं होत होतं. ज्येष्ठात पिल्लं येत, पण दर वर्षी थोडी विरळ. मोठा मासा खाडीला परत जाईना, तर पिल्लं कुठून येणार? बोली उतरत गेली. बांधाची माती कमी पडत गेली. एका श्रावणात, उधाणाला, माझ्यापासून वीस हातांवर बांध फुटला.

मी मिटलेली होते. माझा नेम मी मोडला नव्हता. पण पाणी माझ्या बाजूने वळसा घालून शेतात गेलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की एकट्याने नेम पाळून भागत नाही.

पाणी ओसरलं तेव्हा उघाडीला लागून असलेल्या शेतावर मिठाची पांढरी साय धरली होती. ते शेत दाजीचं. दाजी आता अंथरुणाला लागला होता. त्याचा मुलगा भगवान मुंबईला बंदरात कामाला होता. शेत बघायची ती सून, रंभा. ती बांधावर आली, खाली बसली, मातीचा खडा जिभेला लावला आणि थुंकली. रडली नाही. उठली आणि उघाडीपासून टोकाच्या वडापर्यंतचा बांध पावलांनी मोजत गेली.

पुढच्या पाडव्याला पंच आले. नारळ फुटला. धर्मराज पाटील पंचांत वडील. त्यांनी विचारलं, "बोला, कोन घेतो उघाडी?"

कुणी बोलेना. दयाराम म्हणाला, "काका, घेऊन करायचं काय? चिखलातल्या निवट्या धरायच्या?" लोक हसले.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून रंभा पुढे आली. पदर डोक्यावर ओढून घेतला. म्हणाली, "मना द्या. पन एका वर्साला नको. तीन वर्सं द्या."

"तीन वर्सं?" धर्मराजांनी भुवया चढवल्या. "सूनबाय, आजवर वर्साच्या वर कुनाला दिली नाय. आनि बोली किती?"

"पैका नाय माज्यापाशी. बांध मी बांधीन. तीनी वर्सं, उघाडीपासून वडापवतर. तुमी पैका घेऊन मातीच टाकता ना? मी मातीच देते."

"आनि मासे?"

"दोन वर्सं कुनी जालं लावायचं नाय. मीबी नाय. तिसऱ्या वर्साला मी धरीन."

दयारामने तोंडावर हात धरला. "वयनी, कोंबड्यांसारखे मासे पालनार काय? सांजच्याला हाका मारून डालून ठेवा!"

"तू येशील का डालाया?" रंभा म्हणाली. "तुजा आवाज मोठा हाय." या वेळी लोक दयारामला हसले.

धर्मराज मात्र हसले नाहीत. "एक सांग. शेवटल्या पुनवेला समदे खाजन खरवडून नेतात. तू तीन वर्सांनी तेच केलंस तर आमी तीन वर्सं घालवून बसू."

रंभा माझ्याजवळ आली. तिचा हात मातीकामाने खरबरीत होता, तो तिने माझ्या वरच्या फळीवर ठेवला. "हिच्यावर हात ठेवून सांगते. मुदत सरल तवा खाजन भरल्या ओटीनं परत देईन. घेनारा कुनीबी असो."

पंचांना दुसरा घेणारा नव्हता. त्यांनी दिलं.

मित्रांनो, त्यानंतरची दोन वर्षं मला स्वप्नासारखी आठवतात. रंभा पहाटे बांधावर येई. डोक्यावर मातीची पाटी, कंबरेला पदर खोचलेला. एक पाटी, दुसरी पाटी, तिसरी. मोजत नसे, तोंडाने देवाचं नाव घेई आणि माती टाकी. आधी खाडीच्या चिखलात चिंबोऱ्या धरायच्या, पनवेलच्या बाजारात विकून यायच्या, आणि उरलेल्या वेळात बांध. लोक म्हणत, रंभेने व्रत धरलंय. व्रतच होतं ते. फक्त त्याची कहाणी कुणाला ठाऊक नव्हती, आणि फळ मिळेल की नाही हेही.

ज्येष्ठात पिल्लं आली. थोडीच होती. पण ती गेली नाहीत. ताटीच्या आत, चराच्या सावलीत ती वाढत राहिली. उन्हं कलली की त्यांच्या पाठी रुप्यासारख्या चमकत आणि पाण्यात विरून जात. कधी कधी एखादा मासा माझ्याजवळ येऊन स्थिर उभा राही. मला वाटे, तोही काहीतरी आठवतोय.

दुसऱ्या वर्षाच्या वैशाखात खेकड्यांनी बांध पोखरला. वडाजवळ एवढं मोठं भगदाड पडलं की एकट्या बाईच्या पाट्यांनी ते बुजणारं नव्हतं. चार गडी लावायला हवे होते, आणि रंभेकडे गड्यांना द्यायला काही नव्हतं. पाऊस महिन्यावर आला होता. नेमका त्याच दुपारी मुबारकभाईचा टांगा बांधावर आला.

"भाबी, खुदाची मेहेरबानी हाय तुमच्या खाजनावर," तो आत डोकावून म्हणाला. "हातभर झालेत जिताडे. आज रोख देतो. चार काय, धा गडी लावा."

"अजून वरीस हाय, मुबारकभाई."

"अवो, वर्साचं कुनी बघितलंय? माझा बर्फ बघा, तुमच्याशी बोलता बोलता पानी झाला."

रंभा तशीच वळली. घरी गेली आणि दाजीचं जाळं घेऊन आली. तिने ताटी काढली. जाळं बांधलं. मी उघडी होते. ओहोटी लागली होती, मी काय करणार? पाणी माझ्या अंगाखालून वाहू लागलं आणि पहिले मासे जाळ्यात आले. दाजीच्या जाळ्यातून आता तेही सुटेनात, एवढे वाढले होते. रंभेने एक बाहेर काढला. तिच्या दोन्ही हातांत तो मासा तोंड उघडून मिटत होता. ती त्याच्या लाल डोळ्याकडे बघत राहिली. मग तिने भगदाडाकडे बघितलं, मग आपल्या पांढऱ्या पडलेल्या शेताकडे. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

तिने मासा आतल्या चरात सोडला. मग दुसरा. मग तिने जाळंच आवळून आत ओढलं आणि उलटं केलं, आणि ताटी परत लावली.

मुबारकभाई कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "भाबी, तुमी येड्या हाव!" पण टांग्यात चढताना त्याने भुशातला उरलेला बर्फ बांधावर ओतला. "घ्या. दाजीच्या डोक्यावर ठेवा. ताप हाय म्हनं त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी रंभा वडापाशी आली, तर भगदाडात कुणीतरी उतरलेलं होतं. दयाराम होता. बरोबर शिवा आणि आणखी दोघे.

"तू कसा र इथं?" रंभेने विचारलं.

"माजं शेत काय आबालात हाय?" दयाराम खालूनच म्हणाला. "पानी आलं तर मनाबी बुडवल. तुमी माती द्या, बोलू नका." थोड्या वेळाने डोकं वर काढून म्हणाला, "काल बघितलं मी, वयनी. जालं उलटं केलंत ते." आणि परत खाली वाकला.

त्या पावसात बांध टिकला. दोन पावसांनी धुतलेल्या रंभेच्या शेतात भात आलं. थोडं, पण आलं. दाजीने त्याची पेज प्यायली आणि मार्गशीर्षात तो शांतपणे गेला.

तिसऱ्या वर्षी रंभेने जाळं बांधलं. दाजीचंच, तीन बोटांचं. असे जिताडे निघाले की मुबारकभाईच्या टांग्यात मावेनात. तो नुसता बर्फ फोडत राहिला. शिवाने जुन्या सवयीने मासे मोजून विचारलं, "वयनी, चरात दिसायचे ते सगल्यात थोरले तीन कुठं गेले हो?" रंभा म्हणाली, "ते खाडीला माहेरी गेले. बालंतपनाला." खरंच तिने थोरले मासे ताटी काढून माझ्या खालून बाहेर सोडले होते. त्या वर्षी ज्येष्ठातल्या उधाणाला पिल्लं आली तेव्हा मला परत पाकळ्या वाहिल्यासारखं वाटलं.

मित्रांनो, मी आता कामाची राहिले नाही. पुढे सिमेंटची नवी उघाडी झाली आणि मला बांधाच्या कडेला ओढून टाकलं. माझ्या फळ्यांत शिंपले वाढले, मग तेही वाळले. पोरं माझ्यावर बसून गळ टाकतात, आणि मला ते आवडतं. त्यांना मी एवढंच सांगू बघते की पाण्यात दिसतो तो सगळा मासा तुमचा नसतो. काही उद्याचा असतो, काही शेजाऱ्याचा, काही खाडीचा स्वतःचा. जे आपल्या हातात थोडे दिवस आहे, ते आपण जपलं तरच दुसऱ्याला जपावंसं वाटतं. माझा आवाज त्यांना ऐकू जात नाही. पण तुम्ही वाचताय, म्हणून तुम्हाला सांगते.

आणि आता शेवटचं. तिसरं वर्ष सरताना पाडव्याला पंचांनी ठरवलं, इथून पुढे उघाडीची बोली तीन वर्षांचीच. नवी बोली दयारामने घेतली. पंधरा दिवसांनी हनुमान जयंतीची पौर्णिमा आली. सकाळी देवळात घंटा वाजली, सुंठवडा वाटला गेला, आणि गाव जेवून पडला. दुपारची भरती भरून थांबली. उधाणाचं पाणी एवढं मोठं होतं की माझ्या वरच्या खुंटीला लागलं. मग ते उतरू लागलं.

रंभेची ही शेवटची ओहोटी होती. आतला चर मासोळीने गच्च होता. पाणी जिवंत वाटत होतं. बांधावर मुबारकभाईचा टांगा उभा होता, बर्फाने भरलेला. त्याने भुसा बाजूला सारून ठेवला आणि रंभेकडे बघितलं. आजूबाजूला दुसरं कुणी नव्हतं. ताटी काढली असती तर दिवस मावळेपर्यंत खाजण रिकामं झालं असतं, आणि मुदत तिचीच होती. कुणी नावं ठेवली नसती.

मी उघडत होते. पाणी ताटीतून गाळलं जाऊन माझ्या खालून जात होतं, नुसतं पाणी.

रंभेने ताटीच्या गाठी एकेक करून चाचपल्या. सैल होती ती घट्ट केली. खांद्यावरचं जाळं घडी करून टांग्यात ठेवलं. "मुबारकभाई, हे जरा घरला टाका," म्हणाली. "मी दयाला बोलवाया जाते. त्याला भरलं खाजन दाखवून ताब्यात द्यायचंय."

आणि पदर सावरत ती बांधावरून दयारामच्या घराच्या वाटेला लागली.